सत्तावीस नंबरला जाऊ द्या

जपानला निघाले त्या दिवशी आप्पा स्टेशनवर उशिरा आले. मी डब्याच्या दारात उभी, खाली आई, काकू, मावश्या, शेजारच्या दोघीतिघी. कुणी केळ्याच्या वेफर्सची पिशवी हातात कोंबतंय, कुणी ‘तिकडे कच्चे मासे खातात म्हणे, सांभाळ गं बाई’ म्हणतंय. गाडीने शिट्टी दिली तेव्हा आप्पा पुलावरून धावत खाली उतरले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. आत माझा सॉफ्टबॉलचा ग्लव्ह होता, चांभाराकडून नवा दोरा घालून शिवून आणलेला. गाडी हलली. आप्पा चार पावलं बरोबर चालले आणि म्हणाले, “दुखलंखुपलं सांगायला माणूस नीट निवड, पोरी. मागच्या खेपेला चुकलीस.” नवीन लग्न झालेल्या मुलीला बाप काय काय सांगतो, आणि माझा बाप हे सांगत होता! शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला वाटलं, टोमणा त्यालाच आहे. बिचारा मुंबई येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पोरींनो, आप्पा कशाबद्दल बोलत होते ते आपल्या जुन्या टीमच्या या ग्रुपवर सगळ्यांनाच ठाऊक आहे असं मला वाटायचं. पण मी तो फोटो टाकला आणि तेव्हापासून जी ती आपापली गोष्ट रंगवून सांगतेय. कुणी म्हणतं ज्योतीने सरांना चहा पाजला, कुणी म्हणतं तिच्या वडिलांनी वशिला लावला. काही नाही तसलं. एकदा माझ्या तोंडून ऐका, म्हणजे निदान शिव्या तरी नेमक्या घालाल.

बारावीचं वर्ष. जिल्ह्याच्या टीमची पिचर मी, कॅचर ज्योती. तुमच्या मुली वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते: पिचर बॉल टाकते, कॅचर समोर उकिडवी बसून तो झेलते आणि पुढचा कुठे टाकायचा ते बोटांनी खुणावते. पाच वर्षं मी ज्योतीच्या बोटांकडे बघून बॉल टाकले. माझं अंग तिला माझ्या आईपेक्षा जास्त कळायचं. त्या वर्षी माझा उजवा खांदा ठणकायला लागला होता, इतका की वेणी घालायला हात मागे जाईना. हे मी फक्त ज्योतीला सांगितलं. आप्पांनाही नाही, आणि आप्पा तर रोज संध्याकाळी अंगणात गोधडीची घडी हातात धरून माझे बॉल झेलायचे.

राज्याच्या टीमसाठी आम्हा दोघींचीही नावं ठरली होती. पाचच्या आत यादी फॅक्स करायची होती. तीन वाजता दुसऱ्या जिल्ह्याची माणसं आली आणि त्यांनी यादी करणाऱ्या आमच्या कोचसरांपुढे सौदा मांडला: तुमची पिचर काढा, आमची घ्या, बदल्यात कॅप्टनपद तुमच्या कॅचरला. सरांनी ज्योतीला आत बोलावून विचारलं, काय करू? ती म्हणाली, “शुभांगीचा खांदा गेलाय, सर.” साडेचारला माझं नाव खोडलं. हे मला सरांनीच सांगितलं, वर ‘तुझ्या भल्यासाठीच गं’ हेही सांगितलं. ज्योती नॅशनल खेळली, सर्टिफिकेट मिळालं, त्यावर खेळाडूंच्या कोट्यातून पुण्यात इंजिनिअरिंगला गेली. मी गावातच बीएस्सी केलं. तिने कधी येऊन काही सांगितलं नाही आणि मी कधी विचारायला गेले नाही. विचारणार काय, कप्पाळ? खांदा खरंच दुखत होता. ती खोटं बोलली असती तर मी चारचौघांत तिची झिंजी धरली असती. खरं बोलून तिने माझे हात बांधून ठेवले होते.

ओसाकात पहिली दोन वर्षं मी जवळजवळ मुकीच होते. नवरा सकाळी सातला जायचा. मी कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या सदासर्वकाळ उघड्या दुकानात, बाइतो करायचे. अर्धवेळ कामाला इथे बाइतो म्हणतात. गावाकडे मी बोलायला लागले की काकू कानावर हात ठेवायच्या, आणि इथे दिवसभरात ‘या’, ‘गरम करून देऊ का’ आणि ‘आभारी आहे’ एवढी तीन वाक्यं. आठवड्यातून एकदा आईशी फोन व्हायचा. जेवलीस का, थंडी आहे का, हे सगळं झालं की ती हमखास विचारायची, “तिकडे भांडायला कुणी आहे का गं?” मी हसून उडवून लावायचे. फोन ठेवला की रडायला यायचं.

एके दिवशी काउंटरवरून काचेची बाटली घरंगळली आणि मी न बघता डाव्या हाताने झेलली. समोरच्या बाईंनी माझ्या हाताकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, “याक्यू?” याक्यू म्हणजे बेसबॉल. मी तिथल्या तिथे हात गोल फिरवून सॉफ्टबॉलचा बॉल कसा टाकतात ते दाखवलं. त्या ओकुनो-सान, सान म्हणजे आपलं ‘जी’. त्यांचं मागच्या गल्लीत ओकोनोमियाकीचं दुकान आहे. कोबी घातलेलं जाडजूड धिरडं समजा, तुमच्यासमोर गरम तव्यावर भाजून देतात. शनिवारी दुपारी तिथे आमच्या इथल्या बेसबॉल टीमचे दहाबारा चाहते जमतात आणि कडाकडा भांडतात. मी जपानी तिथे शिकले. त्यामुळे माझं जपानी आजही ओसाकाच्या तोंडाळ बायकांचं आहे आणि ऑफिसातली पोरं मीटिंगमध्ये तोंड लपवून हसतात.

अशी सोळा-सतरा वर्षं गेली. कचऱ्याचे सहा प्रकार पाठ झाले, नोकरी लागली, इरा झाली, शाळेत जायला लागली आणि माझ्या मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं द्यायला लागली. ग्लव्ह कपाटात वरच्या फळीवर होता. वर्षातून एकदा काढून तेल लावायचं आणि ज्योतीचं वाईट चिंतायचं, एवढाच त्याचा उपयोग.

मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, हातात मोदकाची प्लेट घेऊन मी उभी, आणि मागून आवाज आला, “अगं शुभी! तू इथे?” ज्योती. नवऱ्याची पुण्याच्या कंपनीतून ओसाकाला बदली झालेली. चोवीस वर्षांनी भेटत होती आणि कालच शाळा सुटल्यासारखी गळ्यात पडली. मी म्हटलं, “किती सुटलीस गं!” त्या दिवशी एवढाच सूड जमला.

पुढची चूक माझीच. हॉलमध्ये ओकुनो-सानही होत्या, मीच मोदक खायला बोलावलेल्या. ज्योती कॅचर होती हे कळल्यावर त्या आनंदाने नाचायच्याच बाकी राहिल्या. पिचर आणि कॅचरच्या जोडीला बेसबॉलमध्ये बॅटरी म्हणतात. “आमच्या दुकानात इंडियाची बॅटरी!” म्हणत त्यांनी तिला शनिवारचं आमंत्रण देऊन टाकलं. झालं. ज्या एका जागेत मी स्वतःची झाले होते तिथे ही बया दर शनिवारी माझ्या शेजारी बसून कोबीचं धिरडं खायला लागली. जुनं काही काढायची नाही. जणू काही झालंच नव्हतं.

आता यंदाच्या जुलैबद्दल. जपानात खेळाडूंची अदलाबदल जुलै संपेपर्यंतच करता येते, त्यानंतर दार बंद. मोठा सौदा सहसा होतच नाही, आणि तोही भर सीझनमध्ये तर नाहीच. त्यामुळे एका सकाळी खेळाच्या पेपरांनी पहिल्या पानावर छापलं की आमचा सत्तावीस नंबर टोकियोच्या टीमला देणार आणि बदल्यात त्यांचा सगळ्यात मोठा होमरनवाला, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर मारणारा, घेणार, तेव्हा अख्ख्या गल्लीला ताप चढला. सत्तावीस नंबर म्हणजे आमचा कॅचर. बारा वर्षं आमच्याकडे. आमचा डावरा पिचर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला बॉल टाकायला नाखूश असतो.

त्या शनिवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. ओकुनो-सान उलथनं हातात घेऊनच बोलत होत्या: “आकान!” म्हणजे, बिलकूल नाही. “बारा वर्षं धुळीत बसला तो आमच्यासाठी. कोण कुठला टोकियोवाला, त्याच्यासाठी याला विकायचा?”

निशिदा-सान मेट्रोचे रिटायर्ड ड्रायव्हर, त्यांची आकड्यांची वही कायम तयार. “ओकुनो-सान, त्याचे गुडघे बघा. बसला की उठताना हात टेकतो. अजून दोन वर्षांनी कोण घेणार त्याला? आज किंमत आहे तोवर द्यावा आणि बॅट फिरवणारा आणावा. आपल्याला रन नाहीत.”

“आणि पिचर कुणाकडे बघून टाकणार?”

“नव्याकडे बघेल. सवय होते.”

“तुमच्या मेट्रोत होत असेल सवय!”

मग आमच्या ज्योतीबाई बोलल्या. अर्धं इंग्रजी, अर्धं शिकाऊ जपानी, पण सगळ्यांना कळेल असं. म्हणाल्या, पिचर आणि कॅचरची जोडी बाहेरच्यांनी मोडू नये. तिथे हिशेब चालत नाही. तिथे विश्वास असतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विश्वास! ही! मी जपानीत ओरडले, सत्तावीस नंबरला जाऊ द्या, कॅचर काय, दुसरा मिळतो, कॅचरवर जीव टाकणारा पिचर मूर्ख असतो. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत मी ओकुनो-सानच्या बाजूची होते. मग ज्योतीकडे वळून मराठीत म्हटलं, “विश्वासाबद्दल तू बोलतेस? लाज नाही वाटत? चोवीस वर्षं झाली, एकदा तरी तोंड उघडलंस? कुणाच्या खांद्यावर चढून पुण्याला गेलीस ते सांग ना यांना!”

ज्योतीने पर्स उचलली आणि निघून गेली. तव्यावरचं धिरडं करपलं. ओकुनो-सान हळूच म्हणाल्या, बॅटरीत भांडण व्हायचंच. मला त्यांचाही राग आला.

पुढच्या शनिवारी ज्योती आली नाही. ओकुनो-साननी एक शिकिशी आणली होती. शिकिशी म्हणजे चौकोनी पांढरा जाड पुठ्ठा. शाळा सोडणाऱ्या बाईंना, बदली झालेल्या साहेबांना इथे सगळे मिळून त्याच्यावर गोल गोल संदेश लिहून देतात. सत्तावीस नंबर राहिला तर शाबासकी आणि गेला तर निरोप, कसंही असो, त्याच्या हातात द्यायची. चाळीस वर्षं त्या सरावाच्या मैदानाच्या गेटवर भाताचे लाडू घेऊन उभ्या राहतात, त्यांना कोण अडवणार? माझी पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “शुभी-चान, तुझ्या अक्षरात लिही. छान दिसतं.”

मी लिहिलं. नागरीत, ठळक, शिरोरेघ ओढून: ‘जा एकदाची. तुझ्यावाचून इथे कुणाचं काही अडणार नाही. परत तोंड दाखवू नकोस.’

त्या दुकानात येणाऱ्यांत हे वाचू शकणारी एकच होती आणि तिच्यासाठीच लिहिलं होतं. ओकुनो-सान पुठ्ठा घेऊन तिच्या घरी जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. “काय लिहिलंस?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “शुभेच्छा.” त्यांनी दोन्ही हातांनी पुठ्ठा कपाळाला लावला. तेव्हा तो परत मागून घ्यावा असं वाटलं, पण क्षणभरच. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

जुलैच्या शेवटच्या दिवशी सौदा झाला. सत्तावीस नंबर गेला. मैदानाबाहेर पडताना फोटोवाल्यांनी त्याला गराडा घातला, तेव्हा त्याने बॅग खाली ठेवली आणि काखेतला पुठ्ठा काढून दोन्ही हातांनी छातीशी धरला. म्हणाला, यात माझ्या एका चाहतीने तिच्या देशाच्या लिपीत काही लिहिलंय. मला वाचता येत नाही, पण अक्षरांवरून मन लावून लिहिलेलं दिसतं. नव्या घरी दारासमोर लावीन. मी ऑफिसात डबा खाता खाता ते वाचलं आणि डबा तसाच बंद केला. त्या भल्या माणसाने माझं काय घोडं मारलं होतं?

घरी आले तर इरा टॅबलेटवर तोच फोटो मोठा करून बसलेली. दर रविवारी आप्पा व्हिडिओ कॉलवर तिला बाराखडी शिकवतात. जोडाक्षर आलं की ती अडते. “आई, इथे दोन जणांनी मराठी लिहिलंय,” ती जपानीत म्हणाली. “वरचं तुझं. खालचं कुणाचं?”

खालचं मी पाहिलंच नव्हतं. ज्योतीकडून पुठ्ठा थेट त्याच्याकडे गेला होता. इरा बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागली आणि मी हातातली पिशवी न ठेवता ऐकत राहिले. “शुभी. मा-झा अं-ग-ठा-ही मो-ड-ले-ला हो-ता. तो मी स-रां-ना सां-गि-त-ला ना-ही. तु-झा खां-दा सां-गि-त-ला.” खाली सही, ज्योती.

अंगठा! पोरींनो, मला आठवलं. त्या महिन्यात ती डाव्या हाताला कायम रुमाल बांधून असायची, मेंदी काढलीय म्हणायची. माझेच बॉल झेलून मोडला होता. यादीतून एक नाव कापायचं तर तिचंही कापता आलं असतं.

त्यानंतर मी काय केलं ते तुम्ही पाहिलंतच. फोटो कापला, दोन्ही ओळी मोठ्या केल्या आणि ग्रुपवर टाकला. खाली एक शब्दही लिहिला नाही, गरजच नव्हती. तुम्ही तुटून पडलात. तिच्या सर्टिफिकेटपासून तिच्या लग्नातल्या जेवणापर्यंत सगळं काढलंत. मी एकेक मेसेज दोनदोनदा वाचला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. चोवीस वर्षांची भूक होती. तिसऱ्या दिवशी ज्योती ग्रुप सोडून गेली, तेव्हाही बरं वाटलं.

मग आप्पांचा फोन आला. फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. म्हणाले, “वरचं अक्षर तुझं आहे. ज तूच असा काढतेस.” मग म्हणाले, “तिची चूक तिने लिहून दिली. त्या जपानी पोराचं काय? तो तुझी शिवी दारासमोर लावणार.” आणि नेहमीसारखा निरोप न घेता फोन ठेवला. तिकडे सत्तावीस नंबरने टोकियोकडून खेळताना आमच्याविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात होमरन मारला. ओकुनो-सान रडत टाळ्या वाजवत होत्या आणि मला म्हणाल्या, “तुझ्या शुभेच्छा लागल्या बघ!”

मी ज्योतीला दोन शब्दांचा मेसेज केला: ‘ग्लव्ह आण.’ उत्तर आलं: ‘कुठे?’

मागच्या रविवारी सकाळी नऊ वाजता योदो नदीच्या काठच्या मैदानावर ती आली. कॅचरचा जाड ग्लव्ह कुठून तरी उसना आणलेला. पंधरावीस पावलांवर जाऊन उकिडवी बसली, तेव्हा तिचे गुडघे वाजलेले मला इथवर ऐकू आले. एकेचाळीस वर्षांच्या दोन बायका, एक खांद्याने गेलेली आणि एक अंगठ्याने. पहिला बॉल तिच्या डोक्यावरून गेला, दुसरा मातीत. तिसऱ्यापासून हात आठवायला लागला. तिचा अंगठा ग्लव्हमध्ये कुठे असतो हे जगात मला सोडून कुणाला माहीत असणार? मी तिथेच टाकला. जीव खाऊन टाकला. फाटकन आवाज आला, तिचं तोंड वाकडं झालं, तिने बॉल परत फेकला आणि बोटांनी खूण केली: पुन्हा तिथेच.

किती टाकले ते मोजले नाहीत. तिचे डोळे वाहत होते, ग्लव्ह एकदाही हलवला नाही. शेवटी माझाच हात वर जाईना. मी तिथेच गवतात बसले. ती येऊन शेजारी बसली आणि ग्लव्ह काढला. अंगठा सुजून निळा. मला पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना. इथे दुखलं की मी जपानीत सांगते, मग लोक अदबीने औषधाची पट्टी आणून देतात, काळजी घ्या म्हणतात. ठणकतंय असं मी अठरा वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं.

“खांदा ठणकतोय गं,” मी म्हटलं.

तिने उजव्या हाताने आणि दातांनी झाकण उघडून बाटली मला दिली. “कुणाला सांगू?” ती म्हणाली.

मेलीने इतक्या वर्षांनी हसवलं. मला हसायचं नव्हतं.

तर पोरींनो, तिला ग्रुपवर परत घ्या. माफ केलं असा अर्थ कुणी काढू नका. पुढच्या रविवारीही मी अंगठ्यावरच टाकणार आहे आणि ते तुम्हाला तिच्याच तोंडून ऐकू यायला हवं. सत्तावीस नंबरसाठी मी नवा पुठ्ठा आणलाय. त्याच्यावर खऱ्या शुभेच्छा लिहिल्यात, जोडाक्षरं इराने तपासलीत. ओकुनो-सानना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला उलथनं दाखवलं आणि मग पोट धरून हसल्या.

काल आईचा फोन होता. जेवलीस का, उकाडा आहे का, सगळं झालं. आता ती थकलीय, एकच गोष्ट तीनदा विचारते, पण ते वाक्य विसरत नाही. “तिकडे भांडायला कुणी आहे का गं?”

आहे, म्हटलं. दर रविवारी सकाळी नऊला.